निलंबनाच्या आदेशावर सुनावणीची तारीखही हवी

जुलै २०२४ मध्ये वरळीत पहाटेच्या वेळी एका मोटारीने मासळी घेऊन घरी निघालेल्या जोडप्याची स्कूटर उडवली. कोळीवाड्यातली ती बाई गेली. गाडी चालवल्याचा आरोप असलेला तरुण आदल्या रात्री जुहूच्या एका बारमध्ये मित्रांबरोबर बसला होता, हे बाहेर आलं आणि दोनच दिवसांत राज्य उत्पादन शुल्क विभागाने त्या बारला सील ठोकलं. मागोमाग महापालिकेने आतलं अनधिकृत बांधकाम पाडलं. विभागाचा मुख्य आक्षेप वयाचा होता. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. हा मुलगा पंचविशीच्या आतला. बारकडून सांगितलं गेलं की त्याने दाखवलेल्या ओळखपत्रावर वय जास्त होतं.

सील लागल्याची बातमी वाचली तेव्हा मला बरं वाटलं होतं, आणि ते आजही चूक वाटत नाही. एक बाई मेली आहे, बारमधला कॅमेरा, बिलं, रजिस्टरं हलण्याआधी ताब्यात घेणं गरजेचं आहे, आणि त्याच रात्री त्याच टेबलांवर पुन्हा ग्लास भरले जाणं कुणालाच सहन झालं नसतं. अशा वेळी आधी नोटीस, मग खुलासा, मग तारीख असं करत बसता येत नाही. परवाना तातडीने निलंबित करण्याचा अधिकार सरकारकडे असलाच पाहिजे, असं मी ठामपणे मानते.

माझं म्हणणं त्यापुढच्या दिवसांबद्दल आहे. कुलूप लागल्यावर काय होतं, हे वर्तमानपत्रात येत नाही. मी ते जवळून पाहते, कारण माझा उदरनिर्वाहच परमिट रूमच्या कागदपत्रांवर चालतो. भांडुपला राहते, आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या काही परमिट रूमची उत्पादन शुल्काची रजिस्टरं लिहिते. ब्रँडवार आणि बाटलीच्या मापावार रोजची आरंभीची शिल्लक, आलेला माल, त्याचा वाहतूक पास क्रमांक, विक्री, अखेरची शिल्लक, उघड्या बाटलीत उरलेलं माप. शिवाय नोकरनामे. बारमध्ये मद्य हाताळणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव परवान्याला जोडलेलं असावं लागतं, त्याला नोकरनामा म्हणतात. दुपारी बार रिकामा असताना कोपऱ्यातल्या टेबलावर बसून मी हे काम करते. वेटर कांदा चिरत असतात, काउंटरवरचा मुलगा मला बाटल्या मोजून सांगतो, मी लिहून घेते.

काही वर्षांपूर्वी घाटकोपर पश्चिमेच्या एका परमिट रूमचा परवाना असाच अचानक निलंबित झाला. बार छोटा, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, मालक उडुपीकडचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. शनिवारी रात्री बारबाहेर रस्त्यावर दोन टोळक्यांत मारामारी झाली. त्यातले काही जण आत बसून गेलेले होते. सोमवारी तपासणी झाली. त्या दिवशीची विक्री रजिस्टरात चढलेली नव्हती, दोन ब्रँडच्या शिल्लकीत थोडा फरक आला, आणि नुकत्याच लागलेल्या एका वेटरचा नोकरनामा अजून मंजूर होऊन आलेला नव्हता. रजिस्टरं पंचनामा करून नेली. दुसऱ्या दिवशी आदेश हातात पडला. पान दीड पान. परवाना ‘पुढील आदेशापर्यंत’ निलंबित. कारणाच्या जागी लिहिलं होतं, ‘परवान्याच्या अटी व शर्तींचा भंग’. मारामारीचा उल्लेख एका ओळीत, तोही ‘तक्रारीच्या अनुषंगाने’ एवढाच.

सोबत कारणे दाखवा नोटीस होती. खुलासा सात दिवसांत द्यायचा. आता खुलासा लिहायचा म्हणजे मला रजिस्टरं बघायला हवीत, आणि रजिस्टरं जप्त. शिल्लकीतला फरक कुठून आला, माल उतरवताना फुटलेल्या बाटल्यांची नोंद कुठल्या पानावर आहे, हे मला आठवणीतून सांगावं लागत होतं. प्रती मागितल्या. अर्ज आवक-जावकला शिक्का मारून घेतला. प्रती काही मिळाल्या नाहीत. खुलासा दिला, त्यावर सुनावणीची तारीख लागेना. ज्या साहेबांपुढे सुनावणी व्हायची ते निवडणुकीच्या कामात, मग रजेवर, मग बदली. या सगळ्यात कुणी दुष्टपणे वागलं असं मी म्हणणार नाही. आदेशाच्या नमुन्यात सुनावणीच्या तारखेला रकानाच नव्हता, म्हणून कुणावर घाई करण्याची वेळ आली नाही, इतकंच.

ज्या पोरांच्या नावाने नोकरनामे होते त्यांचं काय झालं, ते सांगायला हवं. परमिट रूममधला वेटर पगारावर जगत नाही, टिपेवर जगतो. रात्री झोपायला जागा बारचीच असते, जेवण बारच्या भटारखान्यातलं. कुलूप लागलं की एका दिवसात काम, टीप, जेवण आणि झोपायची जागा चारही जातात. अण्णांनी पहिला महिना अर्धा पगार दिला. त्यानंतर जे जवळचे होते ते गावी गेले, कोकणातले दोघे मुंबईतच नातेवाइकांकडे राहून दुसरीकडे लागले, ओडिशाचा एक मुलगा ठाण्याच्या एका बांधकामावर गेला. मारामारीतली दोन्ही टोळकी मात्र दुसऱ्या शनिवारी त्याच गल्लीतल्या दुसऱ्या बारमध्ये बसलेली होती.

याबद्दल बोलू लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी मला स्पष्टच विचारलं, ‘ताई, दारूचाच धंदा ना तो? बंद राहिला तर कुणाचं काय बिघडलं?’ त्यांचा राग मला कळतो. त्यांचा भाऊ दारूने गेला. सर्वोच्च न्यायालयही जवळपास तेच म्हणतं: १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कुणाला नाही. राज्य हवं तर तो पूर्ण बंद करू शकतं, हवं तर स्वतः करू शकतं. हे मला मान्य आहे. पण एकदा सरकारने फी घेऊन, अटी घालून, एका माणसाला परवाना दिला की त्या अटी मोडल्या की नाहीत हे ठरवताना त्याचं ऐकून घेणं हा हक्क मद्याचा नाही, त्या माणसाचा आहे. धंदा कुठलाही असो, सरकारचा हुकूम कारणावर उभा असला पाहिजे. उद्या हाच नमुना औषधाच्या दुकानाला, रिक्षाच्या परमिटला, शाळेजवळच्या कॅन्टीनला लागू होतो. तेव्हा मात्र आपल्याला सुनावणी हवी असते.

कायदा काय म्हणतो ते बघू. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा. कलम ५४ प्रमाणे परवाना देणारा अधिकारी फी थकली, शर्त मोडली, परवानाधारकाला शिक्षा झाली किंवा परवाना खोटं सांगून मिळवला, अशा कारणांसाठी तो रद्द किंवा निलंबित करू शकतो. त्यासाठी कारणं लेखी नोंदवावी लागतात. कलम ५५ प्रमाणे शर्तभंगासारख्या कारणाने परवाना गेला तर भरलेली फी परत नाही, भरपाई नाही. परवान्याचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि फी वर्षाची भरलेली असते, म्हणजे कुलूप लागलेले महिने मालकाच्या खिशातून जातात. कलम ५६ प्रमाणे या यादीबाहेरच्या कारणासाठी परवाना रद्द करायचा तर निदान पंधरा दिवसांची नोटीस, किंवा नोटीस न देता तात्काळ, पण कारण लेखी नोंदवून. आणि कलम १४२: सार्वजनिक शांततेसाठी जिल्हाधिकारी ठरावीक काळापुरती दुकानं बंद ठेवायला सांगू शकतात. दंगल पेटली किंवा पेटण्याच्या बेतात असली तर जागेवर हजर असलेल्या अधिकाऱ्यालाही तसा आदेश देता येतो.

म्हणजे तातडीची सोय कायद्याने करून ठेवलेली आहे. शनिवारी रात्री मारामारी झाली, सोमवारी पुन्हा होण्याची भीती आहे, तर १४२ खाली चार दिवस बंद ठेवा. त्यात दोष कुणावरच लागत नाही, काळ ठरलेला असतो, धोका सरला की दार उघडतं. शर्तभंग असेल तर ५४ खाली चौकशी करा आणि दोष ठरला तर हवी तेवढी शिक्षा द्या. घाटकोपरला जे झालं त्यात दोन्ही वाटा एकमेकींत मिसळल्या होत्या. कारण शांततेचं, कलम शर्तभंगाचं, आणि मुदत कुठलीच नाही. चौकशीआधीच शिक्षा सुरू झाली.

न्यायालयांनी या बाबतीत रस्ता फार आधी आखून ठेवला आहे. १९८१ च्या स्वदेशी कॉटन मिल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायदा गप्प असला तरी निर्णयाआधी ऐकून घेणं हा नियम आहे, आणि तातडी आहे म्हणून तो सहजासहजी बाजूला सारता येत नाही. १९८४ च्या लिबर्टी ऑइल मिल्स प्रकरणात न्यायालय थोडं पुढे गेलं: परिस्थिती तशी असेल तर एकतर्फी हंगामी आदेश काढता येतो, पण त्यानंतर माणसाला आपली बाजू मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर अर्थ सरळ आहे. आधी कुलूप लावा, पण मग लगेच ऐका. आपल्याकडे पहिलं वाक्य पाळलं जातं आणि दुसरं मालकाने वकील लावून मिळवायचं असतं.

ते मिळवायचं कसं? जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील उत्पादन शुल्क आयुक्तांकडे. उपनगर जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला, आयुक्तालय दक्षिण मुंबईत. कायद्यात त्याही पुढे राज्य सरकारकडे पुनरीक्षणाची वाट आहे, म्हणजे मंत्र्यांसमोर. मग उच्च न्यायालयात रिट याचिका, आणि तिथे बऱ्याचदा पहिला प्रश्न येतो की आधी अपील केलं का. मोठ्या साखळीतल्या पबचा मालक या सगळ्या पायऱ्या एका आठवड्यात चढतो. त्याच्याकडे ज्येष्ठ वकील असतात, आणि सुट्टीतल्या खंडपीठापुढेही प्रकरण नेण्याची ऐपत असते. अण्णांसारखा माणूस पहिल्याच पायरीवर ‘कुणी ओळखीचं आहे का’ असं विचारू लागतो. आदेश जितका मोघम, सुनावणी जितकी लांब, तितकी ही ओळख महाग पडते. मुदत नसलेलं निलंबन हे वशिलेबाजीचं सगळ्यात सुपीक रान आहे, हे या धंद्यातला प्रत्येक माणूस जाणतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कुणी मोठ्याने बोलत नाही. आपल्या राज्यात मद्य पिणाऱ्या प्रत्येकाकडे पिण्याचा परवाना असावा लागतो. देशी सोडून बाकी मद्यासाठी एक दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात, आयुष्यभराचा हजारात. बारवाल्याने तो बघूनच मद्य द्यायचं. शनिवारी रात्री दहा वाजता गच्च भरलेल्या परमिट रूममध्ये किती जणांच्या खिशात तो कागद असतो, ते जाणाऱ्यांनी स्वतःलाच विचारावं. म्हणजे शर्तभंग शोधायचाच म्हटला तर जवळजवळ कुठल्याही रात्री, अंधेरीत, बोरिवलीत, मुलुंडमध्ये, कुठल्याही बारमध्ये तो सापडेल. जिथे प्रत्येक जण कायम थोडासा दोषी असतो तिथे कायद्यापेक्षा तपासणी कुणाची करायची, हे ठरवणारा हात मोठा होतो. म्हणून अशा कायद्यात नुसतं ‘शर्तींचा भंग’ हे कारण म्हणून चालता कामा नये. या बारपासून आज, आत्ता, कुणाला कोणता धोका आहे, ते आदेशात लिहिलेलं असलं पाहिजे.

आणि मोघम आदेशाचा फायदा शेवटी कुणाला होतो, तेही बघा. १९७७ च्या मोहिंदर सिंग गिल प्रकरणापासून हे ठरलेलं आहे की अधिकाऱ्याचा आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तोलला जातो, पुढे प्रतिज्ञापत्र करून नवी कारणं घुसडता येत नाहीत. संतापाच्या भरात दीड पानात उरकलेला आदेश ज्याने खरोखर गुन्हा केला आहे त्याच्या वकिलाच्या पथ्यावर पडतो. सुनावणी दिली नाही, कारणं दिली नाहीत, या मुद्द्यावर तो आदेश वर टिकत नाही. पोराला वय न विचारता व्हिस्की देणारा मालक तांत्रिक मुद्द्यावर सुटून बाहेर येतो, आणि वर्तमानपत्रात बातमी येते की न्यायालयाने दिलासा दिला. मला हे होऊ द्यायचं नाही. ज्याने अठरा-वीस वर्षांच्या मुलांना पाजलं त्याचा परवाना कायमचा गेला पाहिजे, आणि तो जाण्यासाठी कागद पक्का हवा.

पुण्यात मे २०२४ च्या पोर्शे अपघातानंतर हेच चित्र होतं. कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, गाडी चालवणारा अल्पवयीन होता, त्याला मद्य देणाऱ्या दोन ठिकाणांना जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने सील लागलं. तिथपर्यंत बरोबर. त्यानंतर शहरभर तपासण्यांचा धडाका लागला आणि वेळेच्या, रजिस्टरांच्या, नोकरनाम्याच्या त्रुटींवर एकामागून एक परवाने निलंबित झाले. अल्पवयीन मुलाला मद्य पाजणं आणि रजिस्टरात एका दिवसाची नोंद राहणं, दोन्हींवर एकच उपाय. माझ्या हाताखालून रोज ती नोंद जाते म्हणून सांगते, या दोन गोष्टी एका तराजूत घालणाऱ्या अधिकाऱ्याला पहिल्या गुन्ह्याचं गांभीर्य कळलेलं नाही.

आदेशाला आव्हान दिलं म्हणजे सरकारची अडवणूक झाली, असा एक समज आहे. त्याला उत्तर म्हणून मला मे २०२४ चीच दुसरी घटना आठवते. लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवसासाठी, म्हणजे ४ जूनसाठी, मुंबई शहर आणि उपनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पूर्ण दिवस दारूबंदी जाहीर केली होती. हॉटेल आणि रेस्टॉरंट चालकांची ‘आहार’ ही संघटना उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने आदेश उडवून लावला नाही. निकाल जाहीर होईपर्यंत बंदी, त्यानंतर नाही, एवढाच बदल केला. धोका जितका, बंदी तितकीच. कुणाचंही नुकसान झालं नाही आणि मतमोजणी शांततेत पार पडली. तातडीच्या अधिकाराला कसं मापात बसवायचं याचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही.

उलट उदाहरण २०१७ चं. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा आदेश १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि पूर्व व पश्चिम द्रुतगती मार्गांच्या आसपासच्या उपनगरी बारना टाळी लागली. त्यांच्यापैकी कुणी शर्त मोडलेली नव्हती. ११ जुलैला त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की महापालिका हद्दीतल्या परवान्यांना तो आदेश आड येत नाही. मधल्या महिन्यांत मुलुंड चेकनाक्याकडचा माझा एक बार कायमचा बंद झाला. मालकाने गाळा विकला.

खरी आणीबाणी कशी असते, हे आम्हा पूर्व उपनगरातल्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत विषारी दारूने ऐंशीहून जास्त माणसं गेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त. मिथेनॉल मिसळलेली गावठी. पिणारे हमाल, रिक्षावाले, बिगारी. मालवणीच्या खटल्याचा निकाल २०२४ मध्ये लागला, चौघे दोषी ठरले आणि दहा जण सुटले. या दोन्ही ठिकाणी निलंबित करायला परवानाच नव्हता. ती दारू रजिस्टरात कधी चढलीच नव्हती. परवानाधारकाच्या रजिस्टरातल्या दोन बाटल्यांसाठी जी तत्परता दिसते, ती झोपडपट्टीतल्या फुग्यातून विकल्या जाणाऱ्या दारूसाठी दिसली असती तर त्या घरांतले बाप, मुलगे आज असते. विभागाकडे माणसं मोजकी आहेत हे मला माहीत आहे. म्हणूनच ती माणसं कुठे पाठवायची, हा प्रश्न जीवनमरणाचा आहे.

आता बारमालकांना न आवडणारी गोष्ट. घड्याळ फक्त सरकारच्या मनगटावर बांधून भागणार नाही. गोव्यात हडफड्याला ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री एका नाइट क्लबला आग लागली आणि २५ जण गेले, त्यात कितीतरी तिथले कामगार. सरपंचांनी नंतर सांगितलं की पंचायतीने ते बांधकाम पाडण्याची नोटीस दिली होती, पण वरून तिला स्थगिती मिळाली होती. आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत चौदा जण गेले आणि दुसऱ्या दिवसापासून महापालिकेचे हातोडे शहरभर फिरू लागले. आगीआधी ते का फिरले नाहीत? म्हणजे तारीख नसलेलं निलंबन जसं छोट्या माणसाला मारतं, तशी तारीख नसलेली स्थगिती कधीकधी पंचवीस माणसांना मारते. अपिलात मिळालेली स्थगिती महिनोन्महिने पडून राहते, अपील कुणी चालवत नाही, आणि बार चालू राहतो. मुदत दोघांनाही हवी. आणि आग, विषारी मद्य, अल्पवयीन मुलं हे तीन विषय असतील तर अपिलात पटकन स्थगिती देऊ नये, आधी अपीलच पंधरा दिवसांत निकाली काढावं, असं माझं मत आहे.

दुकान कायमचं बंद व्हावं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठीही कायद्यात वाट आहे, आणि मला ती आवडते. बायकांनी मतदान करून बाटली आडवी करायची. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी ते करून दाखवलं. २०२५ साली सरकारने सोसायटीच्या आवारात नवं मद्याचं दुकान टाकायचं तर सोसायटीची ना हरकत लागेल असंही जाहीर केलं. आमच्या त्या शेजारणीला मी म्हटलं, तुम्हाला जवळचं देशीचं दुकान नको असेल तर सह्या गोळा करू, मी तुमच्याबरोबर दारोदार फिरते. ते वर्षभर चालणारं, उघड्यावरचं काम आहे, त्यात दुकानदारालाही बोलायला मिळतं. एका रात्रीत कुणाचा तरी फोन जाऊन कुलूप लागणं आणि तसाच फोन जाऊन ते निघणं, यात तुमच्या-माझ्या मताला जागाच नाही.

मालकांनीही काही द्यायला हवं. दारात उभ्या असलेल्या वेटरवर वय तपासण्याची जबाबदारी टाकून मालक मोकळे होतात. मोठ्या गाडीतून उतरलेल्या पोराला ओळखपत्र विचारण्याची टिपेवर जगणाऱ्या वेटरची हिंमत होत नाही, आणि झालीच तर गिऱ्हाईक नाराज झालं म्हणून त्यालाच शिव्या बसतात. हे काम मालकाने किंवा व्यवस्थापकाने स्वतः करावं, आणि चुकलं तर कारवाई त्यांच्या नावावर व्हावी. निलंबनाच्या काळात ज्यांचे नोकरनामे आहेत त्या सर्वांना पूर्ण पगार देणं ही परवान्याचीच शर्त करावी. मालक दोषी ठरला तर तो त्याचा दंड समजावा, निर्दोष ठरला तर तेवढी रक्कम पुढच्या वर्षीच्या फीमधून वळती करावी. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘मॅडम, वळती मिळणार असेल तर सही करतो.’

त्यांच्या प्रकरणाचा शेवट असा झाला की अपिलात आदेश परत पाठवला गेला, नव्याने सुनावणी घ्या म्हणून. सुनावणी झाली, रजिस्टरं समोर आली, फुटलेल्या बाटल्यांची नोंद सापडली. अपूर्ण नोंदीबद्दल तडजोड शुल्क बसलं, ते भरलं. ही सुनावणी कुलूप लागल्यानंतर आठवड्याभरात होऊ शकली असती, त्यासाठी लागणारा एकही कागद नंतर तयार झालेला नव्हता. बार उघडला तेव्हा जुन्यांपैकी दोघेच परतले. बाकीच्यांसाठी मी नवे नोकरनामे लिहिले.

मी जे मागते आहे त्यासाठी विधानसभेत कायदा बदलायची गरज दिसत नाही. आयुक्तांच्या एका परिपत्रकाने ते होऊ शकेल. तातडीच्या निलंबनाच्या आदेशात धोका कोणता आहे ते एका परिच्छेदात लिहा. सुनावणीची तारीख, वेळ आणि जागा त्याच आदेशात टाका, सात दिवसांच्या आतली. जप्त केलेल्या रजिस्टरांच्या आणि कॅमेऱ्याच्या चित्रणाच्या प्रती तिसऱ्या दिवशी परवानाधारकाला द्या. त्या तारखेला सरकारी बाजूने सुनावणी झाली नाही तर निलंबन आपोआप संपेल, वाढवायचं असेल तर नव्या कारणासह नवा आदेश काढा. आणि असा प्रत्येक आदेश व त्याचा निकाल जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावा, म्हणजे वरळीच्या त्या घरातल्या माणसांनाही कळेल की ज्या बारला त्यांच्या नावाने कुलूप लागलं, त्याचं पुढे काय झालं.